बारा ठोक्यांत पडलेला पूल

१

पूल पडला तेव्हा माझे डोळे मिटलेले होते.

वादळाच्या प्रवेशाला मी डोळे मिटूनच ढोल वाजवतो. कानात तालयंत्राची टिकटिक, सेकंदाला चार ठोके, ना एक कमी ना एक जास्त. आधी 'खट्' असा ओळखीचा आवाज आला. मग असा काही दणका बसला की माझ्या हाताखाली ढोलाचं कातडं थरथरलं. डोळे उघडले तर रंगमंचावर धुळीचा ढग, आणि ढगात कुणीतरी किंचाळत होतं.

सकाळच्या तालमीत आमच्या नाटकातला लाकडी पूल आठ मीटर उंचीवरून खालच्या चौथऱ्यावर आदळला होता. चौथऱ्याचा भुगा झाला होता. आमची नायिका तिथेच उभी राहून गात होती. प्रॉम्प्टरने तिला दंडाला धरून खेचलं म्हणून ती वाचली. मनगट मात्र मोडलं.

मामा नायिकेला सावरायला धावले होते. आता ते परत विंगेत दोरांपाशी येऊन उभे होते. चाळीस वर्षं या थिएटरातले पडदे आणि देखावे मामाच वर-खाली करतात. सगळे त्यांना मामाच म्हणतात. त्यांचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"मी पिंजरा मोजला होता," ते पुटपुटत होते. "आठ विटा होत्या. खटका उघडला आणि दोर हातातून हिसकला गेला."

"आठ नव्हत्या, मामा!" मॅनेजर ओरडला. तो वाकला आणि दोरांच्या पायथ्याशी पडलेली एक लोखंडी वीट त्याने दोन्ही हातांनी कशीबशी उचलली. "ही बघा तुमची आठवी वीट! पिंजऱ्यात घालायलाच विसरलात!"

मामांनी विटेकडे पाहिलं. मग स्वतःच्या हातांकडे. आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा मी त्यांना असं काही बोलताना ऐकलं.

"माझंच चुकलं असेल."

२

आमच्याकडची यंत्रणा साधी आहे. एका दोराला पूल, दुसऱ्या टोकाला लोखंडी विटांचा पिंजरा, मध्ये वर कप्पी. पूल दोनशे किलोचा. विटा आठ, प्रत्येकी पंचवीस किलो, म्हणजे त्याही दोनशे. दोन्ही पारडी सारखी, त्यामुळे मामा दोन बोटांनी पूल खेळवायचे. पूल वर गेला की पिंजरा खाली येतो, पूल खाली आला की पिंजरा वर जातो. मधल्या वेळात दोर खटक्याने अडकवून ठेवायचा.

मालकीणबाई दुपारी रंगमंचावर खुर्ची टाकून बसल्या. "पाच वाजता मला पोलिसांत तक्रार द्यावीच लागेल," त्या म्हणाल्या. "मामा, माझा नाइलाज आहे. एका पोरीचा जीव गेला असता."

मामांनी मान हलवली.

"एक वीट कमी म्हणून पूल एवढ्या जोरात आला?" मागून आवाज आला. "पंचवीस किलोला एवढी घाई?"

सगळ्यांनी वळून पाहिलं. आमच्या सामानाच्या लिफ्टची वार्षिक तपासणी त्याच दिवशी होती, आणि लिफ्टवाल्या बाई दारात उभ्या होत्या. ठेंगण्या, जाड चष्मा, अंबाड्यात खोचलेली पेन्सिल, खांद्याला अवजारांची पिशवी.

"बाई, लिफ्ट मागच्या बाजूला आहे," मॅनेजर म्हणाला.

"मला माहीत आहे. पण लिफ्टसुद्धा अशीच चालते. एकीकडे डबा, दुसरीकडे वजन. तीस वर्षं मी हेच बघतेय." त्या मालकीणबाईंकडे वळल्या. "पाच वाजायला तीन तास आहेत. मला द्याल?"

मालकीणबाईंनी मामांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "द्याल म्हणजे काय, घ्याच."

बाईंनी आधी पडलेल्या पुलाला एक चक्कर मारली. मोडक्या फळ्यांमध्ये जाड कापडाची चार पोती पडली होती.

"ही पोती कसली?"

"वाळूची," मॅनेजर वैतागून म्हणाला. "कुठल्या थिएटरात नसतात? देखाव्यांचे पाय दाबायला लागतात."

बाईंनी एका पोत्याचा तळ चाचपला, बोटं नाकाशी नेली, आणि हात रुमालाला पुसले. मग पिशवीतून ताणकाटा काढून पोतं त्याला अडकवलं. काटा बावीसवर थांबला. मला वाटलं, या बाई आता थिएटरातली प्रत्येक वस्तू तोलणार की काय!

मग प्रश्न सुरू झाले. पूल पडला त्या वेळी मॅनेजर तिसऱ्या रांगेत मालकीणबाईंशेजारी बसला होता. "मी वर्षभर सांगतोय, हे दोर काढा, मोटर बसवा," तो म्हणाला. "माझं ऐकतो कोण?"

दिवेवाला म्हणाला, "मी प्रेक्षागृहाच्या मागच्या खोलीत होतो, बटणांपाशी. दिवे वरच्या सज्जात असतात, पण चालवतो मी खालून."

उरला रंगारी. पूल त्यानेच बांधला आणि रंगवला होता. नखांत निळा रंग, डोळ्यांखाली काळी वर्तुळं. आणि हो, तो मामांचा जावई. लेकीचं लग्न मामांनी याच पोराशी स्वतःहून लावून दिलं होतं.

"मी मागच्या अंगणात ब्रश धूत होतो," तो म्हणाला. "बाई, मामांचं वय झालंय हो. हात थरथरतात. हातून होतं असं कधी. तक्रार तेवढी करू नका, पाया पडतो."

"कालच मी याला झापलं होतं," मॅनेजर मध्येच म्हणाला. "पुलाची वरची फळी फुगली होती."

"मग? बसवली?" बाईंनी विचारलं.

"कालच संध्याकाळी. खिळे मारून," रंगारी म्हणाला.

बाईंनी अंबाड्यातली पेन्सिल काढून काहीतरी टिपून घेतलं. मग अचानक माझ्याकडे बोट केलं.

"ढोलवाले, तुम्ही तालमीचं रेकॉर्डिंग करता का हो?"

करतो की! रोज! फोन ढोलाशेजारीच असतो, आणि सकाळपासून मला त्याची आठवणसुद्धा झाली नव्हती.

३

सगळे माझ्या फोनभोवती गोळा झाले. ढोल घुमू लागला. नायिकेचा चढा सूर, दूरवरून दिवेवाल्याची हाक, "निळा देतोय!" मग 'खट्'. आणि...

धडाम!

"पुन्हा लावा," बाई म्हणाल्या.

आम्ही सहा वेळा ऐकलं. दर वेळी तेच. 'खट्'पासून 'धडाम'पर्यंत ढोलाचे बारा ठोके. तेरावा ठोका दणक्यानंतर.

"बारा," बाई म्हणाल्या. त्यांचे डोळे चकाकू लागले होते. "आता आपण पूल पुन्हा पाडायचा."

"काय?" मालकीणबाई उठूनच उभ्या राहिल्या.

"जिवंत माणूस खाली नसताना! मोडक्या फळ्या सगळ्या बांधा. पूल मोडला म्हणून त्याचं वजन थोडंच कमी झालंय? चौथरा होता तेवढ्याच उंचीवर गाद्या रचा. पोती मात्र बाजूला ठेवा."

अर्ध्या तासात फळ्यांची मोळी पुलाच्याच दोराला लटकली. मामांनी पिंजऱ्यात पुऱ्या आठ विटा भरल्या. मग त्यांनी दोन बोटांनी दोर ओढला आणि दोनशे किलोची मोळी पिसासारखी वर गेली. त्यांनी खटका लावला. खाली आलेल्या पिंजऱ्यातून बाईंनी एक वीट काढायला लावली आणि खटक्याला लांब सुतळी बांधली.

"ढोलवाले, तोच ताल. डोळे उघडे ठेवून!"

मी ढोल धरला. बाईंनी सुतळी ओढली. खट्!

मोळी हललीच नाही असं वाटलं. मग कुठे ती सरकू लागली. सात ठोके, आठ... अजून वरच. बारावा ठोका पडला तेव्हा निम्मं अंतरही झालं नव्हतं. मोळी गाद्यांवर टेकली तेव्हा मी मोजले ते ठोके होते वीस.

"वीस!" प्रॉम्प्टर ओरडला.

"एवढ्या वेळात तर नायिका चहा पिऊन आली असती," बाई म्हणाल्या. "एक वीट कमी असल्याने हा पूल पडलेला नाही."

मॅनेजरचा चेहरा उतरला, पण जीभ नाही. "मग मामा दोन विसरले असतील! नाहीतर तीन! आणि गडबडीत नंतर कुणी परत ठेवल्या असतील!"

मामांनी खाली पाहिलं. बाई मात्र हसल्या.

"मोजूया की. हातच्या कांकणाला आरसा कशाला?"

४

दोन विटा काढल्या. खट्! या वेळी मोळी लगेच निघाली. दहा, अकरा, बारा, तेरा... आणि तेरावा आणि चौदावा यांच्या बरोबर मध्ये 'धप्'.

"साडेतेरा," बाई म्हणाल्या. "तीन काढा."

खट्! आता मोळी अशी सुटली की दिवेवाला दोन पावलं मागे सरला. दहावा ठोका पडला, अकरावा पडायच्या आत धप्!

"साडेदहा!"

बाईंनी पेन्सिलने रंगमंचाच्या फळीवरच आकडे लिहिले. एक वीट, वीस. दोन विटा, साडेतेरा. तीन विटा, साडेदहा. खाली मोठ्या अक्षरांत: सकाळी, बारा.

सगळे त्या आकड्यांकडे बघत राहिले. माझ्या डोक्यात हळूहळू उजेड पडला.

"बारा यातलं कशातच बसत नाही!" मी जवळजवळ किंचाळलो.

"नाही ना! दोन काढल्या तर हळू, तीन काढल्या तर फार जोरात. बारासाठी अडीच विटा कमी हव्यात. आणि लोखंडाची अर्धी वीट कुणी काढू शकतं का?" त्या मामांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "मामा, तुम्ही आठच विटा मोजल्या होत्या. तुमच्या पिंजऱ्यातून काहीही कमी झालेलं नव्हतं."

मामांनी वाकून फळीवरच्या 'बारा'वर बोट ठेवलं.

"मग पूल पडला कसा?" मालकीणबाईंनी विचारलं.

"पारडं दोन तऱ्हांनी झुकतं, मालकीणबाई. एकीकडचं काढलं म्हणून, किंवा..." त्यांनी मान वर केली, पार वर, काळोख्या सज्जाकडे. "दुसरीकडे घातलं म्हणून."

५

"दिवेवाले, वर जा," बाईंनी हुकूम सोडला. मोळी पुन्हा वर नेलेली होती, पिंजऱ्यात पुऱ्या आठ विटा. "तुमच्या सज्जात वाळूची पोती असतील ना?"

"दिव्यांच्या स्टँडला लावतो ना. दहा आहेत."

तो लोखंडी शिडीवरून चढला. मग वरून त्याचा आवाज आला.

"बाई! इथे सहाच पोती आहेत!"

खाली कुजबुज उठली. प्रत्येकाची नजर मोडक्या चौथऱ्याशेजारच्या त्या चार पोत्यांकडे गेली. सकाळपासून आम्ही त्यांना ओलांडून येत-जात होतो! काखेत कळसा म्हणतात तो असा.

"वरच्या सहातली चार मोळीवर ठेवा. बावीस चोक अठ्ठ्याऐंशी."

"पण बाई," मी न राहवून म्हणालो, "तीन विटांना पंच्याहत्तर किलोचा फरक होता तर साडेदहा ठोके लागले. अठ्ठ्याऐंशीची ओढ त्याहून जास्त. मग ही आणखी लवकर पडणार. दहा, नाहीतर नऊ!"

"पैज लावता?" बाई मिस्कील हसल्या.

पैज लावायची माझी छाती झाली नाही, हे बरंच झालं. सुतळी ओढली गेली. खट्! मोळी निघाली. नऊ. दहा. अकरा. बारा...

धप्!

माझ्या हाताबरोबर. जणू मीच तिला खाली ठेवलं.

प्रॉम्प्टरने टाळी वाजवली. मालकीणबाई खुर्चीवरून उठून गाद्यांपर्यंत धावत आल्या. मॅनेजरसुद्धा "वा!" म्हणून गेला आणि मग खोकला.

"असं कसं?" मी विचारलं. "ओढ जास्त, आणि तरी हळू?"

"कारण पूल एकटा खाली येत नाही. पिंजऱ्याला वर ओढत आणतो. हलायचं ओझं दोन्हीकडचं मिळून. ओढ मात्र फक्त फरकाएवढी. तीन विटा काढल्या तेव्हा पंच्याहत्तरची ओढ, आणि हलायचं ओझं सव्वातीनशे. पोती ठेवली तेव्हा ओढ अठ्ठ्याऐंशीची झाली, पण ओझं चारशे अठ्ठ्याऐंशी. ओढीपेक्षा ओझं जास्त वाढलं. जेवढी ओढ मोठी तेवढा वेग पटापट चढतो, आणि जेवढं ओझं मोठं तेवढा तो रखडतो. दोन्ही धरूनच हिशेब करावा लागतो. नुसतं एक धरलं की माणूस फसतो." त्या थांबल्या. "सकाळी पुलावर कुणीतरी चार पोती ठेवली होती. आठ मीटर खालून मामांना ती दिसणं शक्य नव्हतं. त्यांनी खटका उघडला, आणि अठ्ठ्याऐंशी किलोंनी दोर त्यांच्या हातातून हिसकला. ते सकाळपासून हेच सांगतायत."

"पण ती वीट?" मॅनेजर म्हणाला. "ती तर मी माझ्या हातांनी उचलली!"

"हो. ती वीट फारच बोलकी आहे," बाई म्हणाल्या.

६

त्या दोरांच्या पायथ्याशी गुडघ्यांवर बसल्या. जिथे वीट पडली होती तिथे फळीला खोल खड्डा पडला होता. बाईंनी त्यात बोट घातलं. पहिलं पेर पुरतं आत गेलं.

"खटका उघडायच्या आधी पिंजरा इथे खाली असतो, घोट्याएवढ्या उंचीवर. तिथून वीट पडली तर असा खड्डा पडेल? ही वरून आली. आणि पिंजरा वर केव्हा गेला? पूल पडल्यावर. म्हणजे पूल पडून झाल्यावर कुणीतरी सज्जात होतं, आणि त्याने पिंजऱ्यातली एक वीट काढून खाली टाकली. मामांवर यावं म्हणून. मामा नायिकेकडे धावले होते, आणि त्या किंचाळ्यांत आणखी एक आवाज कुणाला ऐकू येणार?"

कुणी कुणाकडे बघेना.

"दिवेवाले खालच्या खोलीत होते, त्यांची हाक रेकॉर्डिंगमध्ये आहे. मॅनेजर मालकीणबाईंशेजारी. प्रॉम्प्टर नायिकेजवळ." बाईंनी एक पोतं उलटं केलं. तळाला पिवळट चिकट डाग होता, त्याला लाकडाचा एक ढलपा चिकटलेला. "हा लाकूड चिकटवायचा सरस आहे. अजून ओला. आणि पुलाच्या वरच्या फळीवर मी शोधला, पण नवा खिळा एकही नाही."

रंगारी भिंतीला टेकला होता. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं.

"फुगलेली फळी खिळ्यांनी बसत नाही हे तुम्हाला माहीत होतं," बाई त्याला म्हणाल्या, आणि त्यांचा आवाज एकदम मऊ झाला. "सरस लावून वर वजन ठेवावं लागतं. काही तास."

"पहाटे सरस लावून पोती ठेवली, ती मी काढणार होतो," तो म्हणाला. "वादळाचा प्रवेश साडेदहाला होता. मी दहाला काढणार होतो. पण तालीम अर्धा तास आधी घेतली, मला कुणी सांगितलं नाही. मी ढोल ऐकला आणि शिडीकडे पळालो. अर्ध्या शिडीवर होतो तेव्हा... ती खाली उभी होती. मला वाटलं ती मेली."

"आणि वीट?" मालकीणबाईंनी विचारलं.

"काही सुचलंच नाही. पाचावर धारण बसली. वर पोचलो तर समोर पिंजरा होता. वाटलं, यंत्र जुनं आहे, वीट निसटली म्हणतील. मामांचं नाव येईल असं... नाही, आलं असतं हे कळत होतं मला. कळत होतं."

मामा हळूच पुढे आले. मला वाटलं, आता कानाखाली आवाज निघणार.

"चूक झाली, ती मी समजू शकतो," ते म्हणाले. "माझ्या हातूनही झाल्यात. पण सकाळपासून दुपारपर्यंत तू माझ्यासमोर उभा होतास. मी माझ्या हातांकडे बघत होतो, आणि तू मला बघत होतास."

जावयाने तोंड झाकून घेतलं.

"घरी हे मी सांगणार नाही," मामा म्हणाले. "माझ्या पोरीला तू सांगायचंस. आत्ता. आणि मग हॉस्पिटलात जाऊन त्या पोरीला."

तो फोन घेऊन अंगणात गेला. उघड्या दारातून आम्हाला त्याचं पहिलं वाक्य तेवढं ऐकू आलं. "ऐक, बाबांची चूक नव्हती." मग दार लागलं.

मालकीणबाईंनी तक्रारीचा कागद काढला, मामांचं नाव खोडलं आणि घडलं तसं सगळं लिहिलं. रंगाऱ्याला थिएटरात ठेवायचं की नाही हे नायिका ठरवील, असं त्यांनी सांगितलं. सज्जात कुणी गेलं तर शिडीपाशी पाटी लावायची, हा नियम त्याच दिवशी झाला. मॅनेजर मामांसमोर दोनदा घसा खाकरून उभा राहिला आणि तिसऱ्यांदा एकदाचा म्हणाला, "मामा, चुकलं माझं."

बाई पिशवी आवरू लागल्या. लिफ्ट तपासायची अजून राहिलीच होती. तेवढ्यात मामांनी त्यांना हाक मारली. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी वेगळंच चमकत होतं.

"बाई, चार विटा काढल्या तर?"

"म्हणजे?"

"चार काढल्या तर किती ठोक्यांत येईल? नाही, तुम्ही सांगू नका. थांबा." मामांनी डोळे मिटले, दोन्ही तळवे समोर धरले आणि त्यांत न दिसणारा दोर पकडला. बोटं हळूच आवळली, मग सोडली. "नऊ," ते म्हणाले.

बाईंनी पेन्सिल काढली. फळीवर भराभर आकडेमोड केली, चष्मा वर सारला, पुन्हा एकदा तपासली. मग हसत पेन्सिल अंबाड्यात खोचली.

आम्ही पोती उतरवली, मोळी वर नेली, चार विटा काढल्या. खटका या वेळी मामांनी स्वतः उघडला. मी ढोलावर हात टाकला आणि सगळं थिएटर, मॅनेजरसकट, मोठमोठ्याने मोजू लागलं.

सात! आठ! नऊ!

धप्!